पांढऱ्या पायाची म्हणणारे आणि पूर्वजन्म दाखवणारे



आज थोडं भांडायचं आहे, आणि तेही दोन बाजूंशी. एक बाजू घरातली. रात्र रात्र झोप नाही, छाती धडधडते, कशातच लक्ष लागत नाही, असं बाईने सांगितलं की ही बाजू म्हणते, ‘पूर्वकर्म आहे गं, भोगून संपव. एक माळ जास्त ओढ.’ दुसरी बाजू हल्ली हॉटेलच्या हॉलमध्ये भेटते. मंद संगीत, मऊ आवाज, दोन दिवसांचं शिबिर, आणि शेवटी संमोहन करून सांगणार की तुमच्या दुःखाचं मूळ मागच्या जन्मात आहे. पहिली बाजू फुकट, दुसरी महाग. पण दोघी बाईला सांगतात एकच: कारण इथे शोधू नको. या घरात, या जन्मात, तुला कोण काय बोललं तिकडे बघू नको.

मला नेमकं तिकडेच बघायचं आहे. आपल्या मनात लहानपणी रुजलेली वाईट वाक्यं याच जन्मातली असतात, बहुतेक वेळा ओळखीच्या आवाजातली असतात, आणि ती सैल करता येतात. त्यासाठी समुपदेशकाकडे जाणं धर्माविरुद्ध तर नाहीच. उलट बाईला ‘भोग’ म्हणून बसवून ठेवणं हेच आपल्या कर्मसिद्धांताच्या विरुद्ध आहे, असं माझं म्हणणं आहे.

माझंच वाक्य सांगते. ‘पांढऱ्या पायाची.’ मी जन्मले त्याच आठवड्यात आजोबा गेले. पुढच्या वर्षी वडिलांचं दुकान बसलं. आजी, आत्या, कोणी दुष्ट नव्हत्या. आजीने माझ्या वेण्या घातल्या, णमोकार मंत्र मला तिनेच शिकवला. पण घरात काही बिनसलं की हा शब्द यायचा, कधी रागात, कधी हसत हसत. नवी गाडी आली की ‘तू मागनं ये’. शब्द पाच सेकंदांचा, पण मी चाळिशी ओलांडेपर्यंत तो माझ्यात चालू होता. जावेच्या घराची वास्तुशांती असली की माझं डोकं दुखायचं. बस्तीत पंचकल्याणकाच्या वेळी कलश घ्यायला बोलावलं की मी स्वयंपाकाकडे मदतीला पळायची. लोक म्हणायचे, किती कामाची बाई! काम नव्हतं ते. माझा पाय लागून काही वाईट होईल, ही भीती होती, आणि ती भीती आहे हेसुद्धा मला शब्दांत माहीत नव्हतं. सुप्त मन म्हणतात ते हेच असावं. वाक्य विसरलं जातं आणि त्याचा हुकूम तेवढा पाळला जातो.

आता हे वाक्य शास्त्रावर घासून बघा. आचार्य कुंदकुंदांनी समयसाराच्या बंध अधिकारात अगदी स्पष्ट सांगितलं आहे, की मी दुसऱ्याला मारतो, मी दुसऱ्याला जगवतो, असं मानणं अज्ञान आहे. प्रत्येक जीव आपापलं आयुकर्म संपल्यावर जातो. माझ्या आजोबांचं आयुकर्म संपलं. पाळण्यातल्या आठ दिवसांच्या पोरीने ते संपवलं असं म्हणणारा माणूस रोज अभिषेक करत असेल, चतुर्दशीला उपवास करत असेल, तरी ते वाक्य बोलताना तो मिथ्यात्व बोलतो आहे. निमित्त म्हणाल, तर झोपलेलं बाळ कशाचं निमित्त? आपण घरात कांदा-लसूण शिजू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बघतो. पाणी गाळल्याशिवाय ओठाला लावत नाही. आणि हे वाक्य मात्र न गाळता पोरीच्या कानात ओततो.

‘पूर्वकर्म आहे, भोगायलाच हवं’ हे दुसरं वाक्य. हे तर धर्माचा वेष घालून येतं म्हणून त्याच्याशी जास्त भांडायला हवं. आपल्याकडे कर्माच्या दहा अवस्था सांगितल्या आहेत. गोम्मटसार कर्मकांडात नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींनी दशकरण म्हणून त्या मांडल्या आहेत. बंध झाला म्हणजे सगळं ठरलं असं त्यात कुठेही नाही. अपकर्षण आहे, म्हणजे कर्माची मुदत आणि जोर कमी होऊ शकतो. संक्रमण आहे, असाता वेदनीयाचं सातामध्ये रूपांतर होऊ शकतं. उपशम आहे. आणि हो, निकाचितही आहे, जे बदलत नाही. पण अमक्या बाईची उदासी निकाचित कर्माची आहे हे शेजारच्या काकूंना कसं कळलं? तेवढं कळायला केवलज्ञान लागतं. ते नसताना ‘तुला भोगावंच लागेल’ असं सांगणं म्हणजे आपण जाणत नाही ते जाणतो असं भासवणं.

मोतीबिंदूचं बघा. डोळ्यांवर पडदा आला की चक्षुदर्शनावरणाचा उदय आहे, भोगा, असं म्हणून कोणी सासऱ्यांना घरी बसवतं का? आपल्याच समाजाचे दानशूर लोक नेत्रशिबिरं भरवतात, ऑपरेशनं फुकट करून देतात, आणि त्याला औषधदान म्हणून पुण्य मानतात. मग तोच न्याय बाईच्या मनाला का नाही? मला तरी याचं एकच उत्तर दिसतं. डोळ्याच्या ऑपरेशनात घरातल्या कुणाचं नाव निघत नाही. समुपदेशकाच्या खोलीत निघतं.

आणि कर्म म्हणून कोपऱ्यात बसवायची ही रीत आपल्याच बायकांनी पूर्वी मोडलेली आहे. सेठ माणिकचंद यांच्या मुलीने, मगनबाईंनी, ऐन तारुण्यात वैधव्य आलं तेव्हा काय केलं? अभ्यास केला, आणि आपल्यासारख्या बायकांसाठी श्राविकाश्रम उभा केला. सोलापुरात सुमतीबाई शहांनी श्राविका संस्था केवढी वाढवली, त्यांना पद्मश्री मिळाली. विधवेला शिकवणं म्हणजे तिच्या कर्मात ढवळाढवळ, असं म्हणणारे तेव्हाही होतेच की.

सामायिक पुरेसं नाही का, असा प्रश्न मला एका माताजींच्या प्रवचनानंतर दोघीतिघींनी विचारला. प्रश्न प्रामाणिक आहे. मी सामायिक करते, अठ्ठेचाळीस मिनिटं, आणि ते सोडायला मी कोणाला कधीच सांगणार नाही. पण ज्या बाईच्या डोक्यात एकच वाक्य घुमतं आहे, तिला शांत बसवलं की शांततेत ते वाक्य आणखी मोठं होतं. माळ हातात फिरते आणि मन त्याच दिवसाभोवती फिरतं. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात याला नाव आहे: आर्तध्यान. आसन सामायिकाचं, ध्यान आर्त. अशा बाईला ‘अजून एक तास बस’ सांगणं म्हणजे ताप चढलेल्याला आणखी एक घोंगडी घालणं. आधी ते वाक्य कोणाच्या तरी समोर बोलून बाहेर येऊ द्या, मग सामायिक लागेल. माझं तसंच झालं.

दुसऱ्यासमोर बोलणं आपल्याला परकं नाही. प्रायश्चित्ताच्या नऊ प्रकारांत पहिला प्रकारच आलोचना. त्याचे दहा दोष सांगितले आहेत आणि ते वाचताना मला हसू येतं, इतके ते आजचे वाटतात. एक दोष आहे छन्न: ‘एखाद्याकडून असं घडलं तर त्याला काय प्रायश्चित्त?’ असं आडून विचारणं. समुपदेशकाकडे पहिल्या भेटीत पुष्कळ बायका हेच करतात, ‘माझी एक मैत्रीण आहे, तिला ना असं होतं...’ दुसरा शब्दाकुलित: आजूबाजूला गोंगाट असताना, नीट ऐकू जाणार नाही अशा बेताने सांगून टाकणं. आपण नवऱ्याला मनातलं सांगतो ते मिक्सर चालू असताना. फरक एवढाच की आलोचनेत आपला दोष सांगायचा, आणि इथे पुष्कळदा दुसऱ्याचा घाव सांगायचा असतो. पण झाकून सांगितलं तर उपयोग नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

माझ्या समुपदेशक बाईंनी काय केलं ते सांगते, कारण तिथे काय चालतं हे माहीत नसल्यानेच भीती वाटते. त्यांनी मला वही घालायला लावली. मी हजर होते आणि काम चांगलं झालं असे प्रसंग एका पानावर. मी नव्हते आणि तरी बिघडलं असे दुसऱ्या पानावर. पहिलं पान भरून मागे गेलं. माझी दोन बाळंतपणं, दिराचं लग्न, मुलीची दहावी, सगळीकडे मी उभी होते की! मग छोटी छोटी कामं दिली. शेजारच्यांच्या नव्या फ्रिजला पहिला हात लावून या. हसू नका, मला त्या दिवशी घाम फुटला होता. विचार लिहायचा, पुराव्यावर तपासायचा, मग भीती वाटते तेच थोडं थोडं करून बघायचं. अमेरिकेतले डॉक्टर एरन बेक यांनी 1960 च्या दशकात ज्या उपचारपद्धतीचा पाया घातला, त्याच धर्तीचं हे काम.

डोक्याला पटलं, पण हातापायांना पटेना. म्हणून शेवटी दोन बैठका संमोहनाच्या झाल्या. यात जादू काही नव्हती. आरामखुर्ची, श्वासाकडे लक्ष, त्यांचा सावकाश आवाज, मनातल्या मनात जिना उतरणं. मग त्यांनी मला बस्तीच्या आवारात उभं केलं, हातात कलश दिला, पायाखालची फरशी कशी लागते ते विचारलं. मी बेशुद्ध नव्हते. खालच्या फ्लॅटमधल्या कुकरच्या शिट्ट्या मला ऐकू येत होत्या, तीन झाल्या. डोळे केव्हाही उघडता आले असते. संमोहन म्हणजे झोप नाही, एकवटलेलं लक्ष आहे. त्या अवस्थेत सांगितलेली गोष्ट मन कमी वाद घालून ऐकतं, एवढंच. आपल्या देशात याचा इतिहासही जुना आहे. क्लोरोफॉर्म यायच्या आधी, 1845 साली, बंगालमधल्या हुगळीत जेम्स एसडेल नावाच्या स्कॉटिश सर्जनने रुग्णांना मेस्मेरिझमच्या अवस्थेत नेऊन मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या होत्या.

आणि नेमकं इथेच दुसऱ्या बाजूचं दुकान सुरू होतं. मन कमी वाद घालून ऐकतं, म्हणजे जे पेराल ते उगवेल. चांगलं वाक्य पेरता येतं तसं खोटं चित्रही पेरता येतं. संमोहनात आठवलेली गोष्ट खरी असते असं अजिबात नाही. उलट, न घडलेली गोष्ट घडल्यासारखी दिसते आणि ती खरीच आहे अशी खात्रीही वाटू लागते. म्हणून जाणकार लोक हरवलेल्या आठवणी शोधायला संमोहन वापरू नका असं बजावतात.

माझ्या नात्यातल्या एका सुनेला लग्नानंतर आठ वर्षं मूल नाही. तिला अशा एका शिबिरात नेलं. अकरा हजार फी. तिथल्या गृहस्थांनी तिला ‘मागच्या जन्मात’ नेलं आणि ती रडत रडत बाहेर आली, की मी माझं लेकरू नदीत सोडलं होतं, म्हणून या जन्मी मला मूल नाही. घरातल्यांनी माना डोलावल्या. तोपर्यंत तिच्या नवऱ्याची एक साधी वीर्यतपासणीसुद्धा झालेली नव्हती! तिच्या मात्र तीन सोनोग्राफ्या. आठ वर्षं ‘वांझ’ ऐकलेल्या बाईला आता ‘लेकरू मारणारी’ हेही घेऊन झोपावं लागतं. हा उपचार?

इतर समाजांपेक्षा आपण या दुकानाला लवकर फसतो, कारण पुनर्जन्म आपण मानतोच. मीही मानते. जातिस्मरण आपल्या पुराणांत आहे. मरुभूतीचा जीव हत्ती झाला, अरविंद मुनींना पाहून त्याला मागचा जन्म आठवला, आणि त्याने व्रतं घेतली. पुढे तोच जीव पार्श्वनाथ झाला. ते ज्ञान ज्ञानावरणाच्या क्षयोपशमाने होतं आणि त्यातून वैराग्य येतं. हॉटेलच्या हॉलमध्ये, चहाच्या सुट्टीच्या आधी, चाळीस जणींना एकदम जातिस्मरण होतं आणि त्यातून दुसऱ्या टप्प्याच्या शिबिराची पावती फाडली जाते, हे मला कुठल्या शास्त्रात सापडलं नाही. पुनर्जन्मावर श्रद्धा असणाऱ्या बाईनेच असल्या माणसाला पहिलं हाकलायला हवं. नास्तिकाला त्यात फक्त फसवणूक दिसेल, आपल्याला श्रद्धेची विटंबनाही दिसली पाहिजे.

त्यामुळे कोणी संमोहन उपचार करतो म्हटलं की पहिला प्रश्न: संमोहन बाजूला ठेवा, तुमचं मूळ शिक्षण काय? मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका, भाजीवालीकडे आपण काटा तपासतोच ना. ‘मागच्या जन्मात नेतो’ किंवा ‘एका बैठकीत बरं करतो’ असं म्हणाला की चप्पल घालायची. शिवाय संमोहन सगळ्यांसाठी नाही. भास होतात, कानात आवाज येतात अशा माणसावर ते करत नाहीत. जीव द्यावासा वाटतो असं कोणी म्हणाली तर समुपदेशन, संमोहन सगळं नंतर. आधी डॉक्टर, त्याच दिवशी, आणि तोवर तिला एकटं ठेवायचं नाही.

आपल्या घरांत एक आजार तर सद्गुण म्हणून मिरवतो, त्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. सोवळं. मुनिसंघ गावात आला की चौका लावायचा, शुद्धी पाळायची, आहारात अंतराय येऊ नये म्हणून जपायचं, हे सगळं ठीक. पण एकदा धुतलेलं भांडं अकरा वेळा धुणारी, हाताची सालं निघाली तरी नळ बंद न करणारी, आपल्या हातून जीव मेला असेल या शंकेने रात्री उठून ओटा पुन्हा तपासणारी बाई धर्मिष्ठ नसते, ती त्रासात असते. याला ओसीडी म्हणतात. ‘किती सोवळं हो तुमच्या सूनबाईंचं!’ म्हणून आपण तो वाढवतो. यावरचा मुख्य उपचार संमोहन नाही. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, धुण्याची इच्छा होऊनही न धुता थांबायला हळूहळू शिकवतात, आणि जोडीला गोळ्या लागू शकतात. यत्नाचार म्हणजे काळजीने वागणं, भीतीने गोठणं कधीच नव्हे.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर घरगुती दोन शब्द. रात्री पाण्याचा नियम असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, पुष्कळ गोळ्यांची वेळ सूर्यास्ताआधी आणता येते. कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांपासूनचं असतं. त्याऐवजी गोळी किंवा वनस्पतिजन्य आवरणाची कॅप्सूल मिळते का ते विचारा, पण स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका. दशलक्षणात उपवास धरायचे म्हणून मनाच्या गोळ्या अचानक सोडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यांचे हाल बघवत नाहीत. लिथियम चालू असेल तर निर्जळ उपवास फार धोक्याचा: अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. उपवास सोडा म्हणून आपल्याला हसणारे समुपदेशकही असतात, त्यांच्याबद्दल मला प्रेम नाही. असा भेटला तर दुसरा शोधा. आपले नियम समजून घेऊन उपचार करणारी माणसं आहेत.

‘ती तिथे जाऊन घरच्यांची बदनामी करेल’ ही भीती सासरच्यांना असते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे. जिवाला धोका अशा मोजक्या अपवादांखेरीज नवऱ्यालाही ती मिळत नाही. बाहेर जाणं शक्यच नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, 2022 च्या ऑक्टोबरपासून. नंबर 14416. फुकट आहे, रात्रीही चालू असते, मराठीत बोलता येतं. दळणाच्या डब्याच्या झाकणावर आतल्या बाजूने लिहून ठेवा.

यंदा दशलक्षण पर्वात आमच्या महिला मंडळाने दहा दिवसांची दहा व्याख्यानं ठरवली आहेत. त्यातला उत्तम आर्जवाचा, म्हणजे तिसरा दिवस मी या विषयासाठी मागितला आहे आणि शहरातल्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंना विचारूनही ठेवलं आहे. अध्यक्षबाई म्हणाल्या, ‘विषय जरा नाजूक आहे, बघू.’ तुमच्या मंडळातून कोणी असं व्याख्यान ठेवलं असेल तर मला तारीख कळवा, मी त्यांना दाखवते.